तुमचे जखमी घेतले की

साल 1964. दक्षिण व्हिएतनाममधला मेकाँगच्या मुखाकडचा सपाट, पाणथळ मुलूख. तुम्ही सॉक ट्रांगच्या लहानशा धावपट्टीवर उभे आहात. चहूकडे भातखाचरं आणि अंगाला चिकटून बसलेला दमट उकाडा. समोरच्या ह्युई हेलिकॉप्टरवर लाल क्रॉस रंगवलेला आहे. आत डोकावून बघा. मशीनगन लावलेली नाही, तिथे स्ट्रेचर ठेवायची सोय आहे. चौघांचा चमू : दोन वैमानिक, एक मेकॅनिक, एक वैद्यकीय सहायक. रेडिओवर यांना हाक मारायचं नाव ‘डस्टऑफ’.

पलीकडून येतोय तो मेजर चार्ल्स केली. अमेरिकेतल्या जॉर्जियाचा, वय 39. कोवळ्या वयात दुसऱ्या महायुद्धात पायदळातून लढून जखमी झालेला. जमिनीवर रक्तबंबाळ पडून कुणाची तरी वाट बघणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जानेवारीत तो 57व्या वैद्यकीय तुकडीचा प्रमुख झाला आणि मार्चमध्ये तुकडीचा एक भाग इथे आला. सायगावात बसून हुकूम सोडता आले असते. पण मेजर इथेच राहिला.

अंधार पडला की त्याच्याबरोबर चढा. कुणी बोलावलेलं नाही, तरी तो निघतो. बाक ल्यू, का माउ, राच झा अशा चौक्या घेत रात्रभरात सातशेच्या वर किलोमीटरांची फेरी. प्रत्येक ठिकाणच्या अमेरिकन लष्करी सल्लागाराला रेडिओवरून एकच प्रश्न : कुणी जखमी आहे का? खाली मिट्ट काळोख. कुठेतरी बॅटरीचा उजेड हलतो आणि मेजर त्या दिशेने उतरू लागतो. तुमच्या हाताशी स्ट्रेचरचा दांडा येतो, ओला आणि चिखलाने बुळबुळीत. वर घेतलेला सैनिक व्हिएतनामी आहे. मेजरच्या लेखी त्याने काही फरक पडत नाही. काही रात्री असे दहा-पंधरा जण निघतात. मेजर फिरला नसता, तर त्यांना उजाडेपर्यंत तिथेच पडून राहावं लागलं असतं.

या फेऱ्यांमागे आणखी एक लढाई आहे. मेजरचे वरिष्ठ, ब्रिगेडियर जनरल जोसेफ स्टिलवेल यांना लाल क्रॉस काढता-घालता येणारे हवे होते, म्हणजे हीच हेलिकॉप्टरं एरवी माणसं आणि सामान वाहायला वापरता येतील. मेजरचा त्याला ठाम विरोध. हेलिकॉप्टर दारूगोळा पोचवायला गेलेलं असताना कुणाच्या पोटात गोळी घुसली, तर त्या माणसाने कुणाकडे बघायचं? कागदी वाद घालत बसण्यापेक्षा रोज रात्री जखमी आणून दाखवणं, हेच त्याचं उत्तर होतं. मला त्याचं खरं धैर्य या रात्रींमध्ये दिसतं. आणीबाणीच्या क्षणी धाडस करणारे पुष्कळ असतात. कुणी हाक मारायच्या आधीच महिनोन् महिने अंधारात हिंडणारा विरळा.

आता 1 जुलैची सकाळ. विन्ह लाँगजवळून निरोप येतो : तोफगोळ्याच्या कपच्यांनी एका अमेरिकन सार्जंटचा पाय जखमी झालाय, शिवाय काही व्हिएतनामी सैनिकही. तुम्ही उडता. उतरायची जागा दिसते तोच गोळीबार सुरू होतो, एका नव्हे, अनेक बाजूंनी. शत्रू अगदी लगत आहे. पत्र्यावर ठणठण आवाज. हेलिकॉप्टर जमिनीलगत तरंगतंय आणि मेजरची नजर जखमींना शोधतेय. रेडिओवर जमिनीवरचा सल्लागार ओरडतो, ताबडतोब निघून जा!

मेजरचा आवाज चढत नाही.

“तुमचे जखमी घेतले की.”

पुढची गोळी उघड्या दारातून आत येते आणि थेट त्याच्या हृदयात घुसते. “माय गॉड,” एवढंच तो पुटपुटतो. हेलिकॉप्टरचं नाक वर उचललं जातं, ते उजवीकडे कलंडतं आणि आदळतं. बाकीचे सगळे जिवंत आहेत. ते सरपटत बाहेर येतात आणि आपल्या मेजरला ओढत मातीच्या ढिगाऱ्याआड नेतात. थोड्या वेळाने दुसरं डस्टऑफ तिथेच उतरतं आणि या सगळ्यांना, त्या सार्जंटसकट, घेऊन जातं.

दुसऱ्या दिवशी मेजरच्याच तुकडीतला वैमानिक कॅप्टन पॅट्रिक ब्रेडी याच्यापुढे एक वरिष्ठ अधिकारी तीच गोळी टाकतो. आता तरी हे असलं उडणं थांबवणार का, असा त्याचा सवाल. ब्रेडी सांगतो, केलींनी शिकवलं तसंच उडणार : न कचरता, केव्हाही, कुठेही. लाल क्रॉस काढायचा विषय मागे पडतो आणि डस्टऑफची हेलिकॉप्टरं जखमींसाठीच राहतात.

तुम्हाला साडेतीन वर्षं पुढे जायचंय, 6 जानेवारी 1968ला. चू लाईजवळ दाट धुकं पसरलंय, खालचं काही दिसत नाही आणि त्या धुक्यात जखमी अडकलेत. ब्रेडी हेलिकॉप्टर आडवं वळवतो, पंख्याच्या वाऱ्याने धुकं हटवत हळूहळू दरीत उतरतो. त्या दिवसात तो एकामागून एक तीन हेलिकॉप्टरं वापरतो आणि 51 गंभीर जखमींना बाहेर काढतो. या कामगिरीसाठी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं. उडायचं कसं, हे तो सॉक ट्रांगला मेजर केलीकडून शिकला होता.