हौशे, नवशे आणि मेकॅनिक

बंगळुरूच्या उत्तरेला, नंदी डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पावणेसहाला आम्ही सत्तर-ऐंशी जण सायकली धरून उभे होतो. अंधार होता. थंडीनं दात वाजत होते आणि कोणी ते कबूल करत नव्हतं. माझ्या जर्सीला पाठीवर चार सेफ्टी पिनांनी नंबर लावलेला होता. नावनोंदणीच्या यादीत माझा गट लिहिला होता : अमॅच्युअर, महिला, चाळिशीपुढच्या. या गटात आम्ही तिघीच होतो. म्हणजे न पडता परत आलं की पदक नक्की.

त्याच आठवड्यात घरी टेबलावर एक भाषांतर अडून पडलं होतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये खेळांचे नियम कसे घडले, याविषयीचं प्रकरण. साडेतीन पानं नीट झाली आणि मग एका शब्दाशी गाडी थांबली. शब्द तोच, माझ्या नावापुढे लागलेला.

मराठीत त्याला तयार शब्द आहे : हौशी. हौशी रंगभूमी, हौशी गायक, हौशी गिर्यारोहक. हिंदीवाले शौकिया म्हणतात, बंगालीत शखेर थिएटर असतं. हौस आपल्याकडे आली अरबी-फारसीतल्या 'हवस'वरून. गंमत अशी, की हिंदीत पोचेपर्यंत ती हवस वासनेच्या अंगानं गेली आणि मराठीत मात्र डोहाळजेवणात, नव्या साडीत, मुलाच्या मुंजीत जाऊन बसली. फ्रेंच 'अमॅच्युअर'चं मूळ लॅटिनमध्ये, आणि त्याचा अर्थ प्रेम करणारा. मूळ वेगळं, पण भाव एकच : पैशासाठी नाही, मनापासून. मग 'हौशी' लिहून पुढे जायला हरकत काय होती?

हरकत पुढच्याच ओळीत होती. हेन्लीच्या होड्यांच्या शर्यतींनी १८७९ मध्ये अमॅच्युअरची व्याख्या केली. तिच्यात प्रेमाचं नावही नाही. ती सगळी नकारांची यादी आहे. पैशाच्या बक्षिसासाठी उतरलेला चालणार नाही, खेळ शिकवून पोट भरणारा चालणार नाही. इथवर समजण्यासारखं आहे. पण त्यापुढे, मजुरी घेऊन मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर म्हणून काम करणारा, अगदी पूर्वी कधी केलेलासुद्धा, चालणार नाही. म्हणजे एखाद्या सुतारानं आयुष्यात शर्यतीतून एक पेनीही कमावली नसली, तरी तो अमॅच्युअर नाही. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्याला गैरफायदा मिळतो, असं त्याचं समर्थन दिलं जाई. खरं कारण असं, की सभ्य गृहस्थाला आपल्या सुताराकडून हरायचं नव्हतं.

हे कलम १९३७ पर्यंत टिकलं. फिलाडेल्फियाचा जॉन केली हा वल्हेकरी १९२० मध्ये हेन्लीला यायला निघाला होता, त्याचा प्रवेश नाकारला गेला. त्याच्या क्लबशी हेन्लीचं जुनं भांडण होतं हे खरं, पण त्यानं गवंडीकाम केलेलं होतं, ही गोष्टही नोंदली गेली. त्याच उन्हाळ्यात त्यानं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेतलं.

आता अशा व्याख्येसमोर 'हौशी' कसं लिहायचं? 'हौसेला मोल नाही' असं आपण म्हणतो, आणि इथे तर दारातच तुमचं मोल विचारलं जात होतं.

सायकलीची सुरुवात अशी नव्हती. गावाहून गावाला जाणारी पहिली मोठी शर्यत झाली ती ७ नोव्हेंबर १८६९ ला, पॅरिस ते रुआँ. १२३ किलोमीटर, लाकडी चाकांवर लोखंडी पट्टे, पेडल थेट पुढच्या चाकाला. पहिला आला जेम्स मूर, दहा तास चाळीस मिनिटांत, आणि त्याला हजार फ्रँक मिळाले. पैसे घेतले म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. नियमांत एक असाही होता, की सायकल ओढायला कुत्रा वापरायचा नाही आणि शीड लावायचं नाही. नियम करणाऱ्यांना माणसांची चांगली पारख असावी. त्या शर्यतीत एक बाई होती, 'मिस अमेरिका' या टोपणनावानं. ती एकोणतिसावी आली. हा आकडा मी कागदावर लिहून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवला आहे.

इंग्लंडमध्येही सायकलवाल्यांनी आधी शहाणपणा दाखवला. १८७८ मध्ये बायसिकल युनियन स्थापन झाली आणि तिनं मेकॅनिक-मजुरांना वगळणारं कलम आपल्या व्याख्येत घेतलंच नाही. अ‍ॅथलेटिक्सवाल्या सभ्य मंडळींशी तिचं त्यावरून वाजलं, पण ती हटली नाही. अर्थात सायकल बनवणारे, दुरुस्त करणारे आणि चालवणारे यांत रेघ ओढायची म्हटली, तर शर्यतीला उरलं कोण असतं!

पण कुंपण एका जागी काढलं, तर ते दुसऱ्या जागी उगवतं. रस्त्यावर घोडागाड्या होत्या, आणि गाडीतल्या लोकांना मान खाली घालून झुंडीनं येणारे सायकलवाले खपत नव्हते. हीच युनियन पुढे नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन झाली आणि तिनं रस्त्यावरच्या शर्यतींवरून हात काढून घेतला. सायकलवर बंदीच येईल, ही तिची भीती होती. जुलै १८९४ मध्ये नॉर्थ रोड क्लबच्या शर्यतीत एका घोडागाडीजवळ गडबड होऊन स्वार पडले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्या स्वारांत फ्रेडरिक बिडलेक होता. त्यानं काढलेला तोडगा इंग्रजी स्वभावाचा अर्कच म्हणावा असा होता : शर्यत लावायची, पण ती शर्यत आहे हे कोणाला कळू द्यायचं नाही. ५ ऑक्टोबर १८९५ ला त्याच क्लबनं ५० मैलांची घड्याळाविरुद्धची शर्यत घेतली. स्वार एकेक करून, ठरावीक अंतरानं सुटणार आणि झुंज फक्त वेळेशी.

पुढची कित्येक दशकं इंग्लंडमधले सायकलपटू पहाटे, खांद्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून, एकेकटे धावले. रस्त्यांना सांकेतिक नावं होती, पत्रकावर 'खासगी आणि गोपनीय' असा शेरा असे. पाप करायला निघाल्यासारखा हा खेळ. तिकडे फ्रान्समध्ये गावंच्या गावं रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजवत उभी राहत होती.

हे मोडलं एका सायकल-दुकानदाराच्या मुलानं. पर्सी स्टॅलर्डचा जन्मच वुल्वरहॅम्प्टनमधल्या बापाच्या दुकानात झाला होता. १९३३ मध्ये पॅरिसजवळ मोंलेरीला अमॅच्युअरांच्या जागतिक शर्यतीत तो धावला आणि सगळे एकत्र सुटतात, एकमेकांच्या वाऱ्याच्या आडोशानं जातात, चढावर एकमेकांना सोडतात, ही काय चीज आहे ते त्याला कळलं. महायुद्ध आलं, पेट्रोलचं रेशनिंग झालं, रस्ते ओस पडले. त्यानं युनियनला पत्र लिहिलं, की आता तरी अडचण कुणाची होणार आहे? युनियनचं उत्तर ठरलेलं होतं. मग त्यानं पोलिसांना विचारलं, तर पोलिसांची काहीच हरकत नव्हती.

७ जून १९४२, रविवार. वेल्समधल्या लँगॉलनहून वुल्वरहॅम्प्टनपर्यंत ५९ मैल, चाळीसेक स्वार एकत्र सुटले. शेवटी बागेपाशी हजारावर लोक जमले होते आणि पोलिसांनीच गर्दी आवरली. वुल्वरहॅम्प्टनचाच अल्बर्ट प्राइस जिंकला. पैसे सैनिकांच्या मदतनिधीला गेले. युनियननं बक्षीस म्हणून भाग घेणाऱ्यांवर बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये बंडखोरांनी आपली वेगळी लीग काढली. दोन्ही संघटना १९५९ मध्ये एक होईपर्यंत त्यांची भाऊबंदकी चालू होती. (१९४२ म्हटलं की आपल्याला ऑगस्ट आठवतो, जून नव्हे. पण 'विचारून झालं, आता करून टाकू' ही भाषा त्या वर्षी तिकडच्या एका छोट्या रस्त्यावरही चालू होती, याची मला मौज वाटते.)

यातली एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही. या माणसांनी दमडी घेतली नव्हती. हौशी म्हणावीत तर हीच. पण अमॅच्युअर खेळाची राखण करणाऱ्यांनी नेमकं यांनाच बाहेर काढलं.

आता आमची शर्यत. आमच्या भागातल्या सायकल-दुकानात एक मेकॅनिक आहे, मूळचा खानापूरचा. मला मराठीतून 'ताई' म्हणणारा बंगळुरूतला तो एकच माणूस. माझ्या सायकलची चेन घसरते तेव्हा ती बघायच्या आधी तो माझं वजन कुठल्या पायावर पडतं ते बघतो. या वर्षी त्यानं अमॅच्युअर गटात नाव घातलं. जुनी फ्रेम, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले भाग, सगळं स्वतः जुळवलेलं.

स्पर्धकांच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, हा दिवसभर सायकलींतच असतो, सायकलवर पोट भरतो, मग हा अमॅच्युअर कसा? दुसऱ्यानं लिहिलं, की हा गट तर वर्किंग प्रोफेशनल लोकांसाठी आहे. हे वाक्य मी तीनदा वाचलं. आपल्या इंग्रजीत कचेरीत बसणारे ते प्रोफेशनल, म्हणून ते अमॅच्युअर. आणि मेकॅनिकचं काम प्रोफेशन नाही, म्हणून तो अमॅच्युअर नाही. हेन्लीच्या मंडळींनासुद्धा हे सुचलं नसतं. आयोजकांनी मतं मागवली. मी उत्तर लिहिलं. १८७९ चं कलम घातलं, १८७८ च्या युनियनचा दाखला दिला. मग वाटलं, आधीच आपण या ग्रुपात मागून येणाऱ्या, त्यात व्याख्यान कशाला. आणि ते खोडलं. एवढ्यानं काही बदललं असतं की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याला खुल्या गटात टाकलं गेलं, विशीतल्या, रोज दोन वेळा सराव करणाऱ्या मुलांबरोबर. त्यानं नाव काढून घेतलं.

शर्यतीच्या पहाटे तो तिथे होताच. हातात पंप, खांद्याला ट्यूबांची पिशवी. सुटायच्या आधी त्यानं माझ्या मागच्या चाकाची हवा अंगठ्यानं दाबून पाहिली आणि म्हणाला, "ताई, थोडी काढतो. रस्ता ओला आहे." बाकी काही बोलला नाही. मीही नाही.

साठ किलोमीटरांतले पहिले वीस मी घोळक्यात होते. दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून पळताना जे कळतं, ते घड्याळाविरुद्ध धावून कळणार नाही, हे स्टॅलर्डचं म्हणणं मला तिथे पटलं. मग एक साधा चढ आला आणि घोळका माझ्याशिवाय पुढे गेला. उरलेले चाळीस किलोमीटर द्राक्षमळे, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली आणि मी. आम्हां तिघींत मी तिसरी आले. पदक मिळालं.

जत्रेला हौशे, नवशे आणि गवशे येतात असं आपण म्हणतो. भाषांतरात शेवटी मी 'हौशी' लिहिलं नाही. 'अमॅच्युअर' तसंच ठेवलं, देवनागरीत, आणि त्याखालच्या यादीतला 'मेकॅनिक' हा शब्दही तसाच ठेवला. संपादकांनी त्याजागी 'यंत्रकामगार' सुचवलं. मी नको म्हटलं.

बक्षीससमारंभ लांबला तेव्हा तो सायकलवर बसून निघाला होता. साडेदहाला दुकान उघडायचं होतं. मीही निघाले, त्याच्या मागच्या चाकाला धरून. त्यानं एकदा वळून पाहिलं, वेग थोडा कमी केला, कोपर हलवून मला डाव्या बाजूच्या आडोशाला घेतलं. देवनहळ्ळीच्या अलीकडे एक चढ आहे. तिथपर्यंत मी टिकले.