तिन्हीसांजेला पैसा देऊ नये : पिढीजात समजुती आणि घरचा हिशेब

हिंगोली : तिन्हीसांजेला घरातून पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही, शुक्रवारी उसने द्यायचे नाही, अमावास्येला नवा व्यवहार करायचा नाही, मिळकत चारचौघांत सांगायची नाही... पैशासंबंधीचे हे दंडक मराठवाड्यात कोणाला शिकवावे लागत नाहीत; आजीकडून ते नातवंडांकडे आपसूक येतात. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही त्याला अपवाद नाही.

या सर्वच समजुती टाकाऊ ठरविता येणार नाहीत. आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया ठेवल्याने कोणाचे काही बिघडत नाही. भवानी होण्यापूर्वी उधार न देणारा दुकानदार तर स्वतःच्या उधारीला थोडा आळाच घालतो. अडचण येते ती घरचे पंचांग आणि बँकेची मुदत एकमेकांना छेद देतात तेव्हा.

वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी हा हळदीचा मुलूख. जूनच्या सुमारास लागवड, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, पुढे शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश. एवढे झाल्यावर वर्षातून एकदाच मोठी रक्कम हाती येते आणि त्यातूनच पीककर्ज फेडायचे असते. ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जावर ७ टक्के व्याज असून मुदतीत फेड केल्यास केंद्राकडून ३ टक्क्यांची जादा सवलत मिळते. एक लाखाच्या कर्जावर वर्षाला ही सवलत ३ हजार रुपये होते. शुक्रवार किंवा अमावास्या म्हणून भरणा लांबला आणि मुदत टळली, की ती हातची जाते.

ही समजूत केवळ घरापुरती नाही. नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या बाजार समितीत अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवण्याची प्रथा अनेक दशके चालली. वर्षात बारा-तेरा अमावास्या आणि दिवसागणिक वजन घटणारा कांदा. तोटा कोणाच्या पदरी पडत होता, हे सांगावयास नको. पुढे ती प्रथा मोडण्यात आली.

पैशाला दृष्ट लागते आणि मरणाची भाषा अशुभ, या दोन समजुती मात्र अधिक महागात पडतात. कर्ता पुरुष ठेव, विमा, हातउसने काहीच घरात बोलत नाही. वारस नोंदविणे आणि मृत्युपत्र हे विषय तर वर्ज्यच. तो अचानक गेला, की पत्नीला सावकाराचा आकडा सावकाराकडूनच कळतो. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होतात. अशा ठेवींचा शोध घेता यावा म्हणून २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू झाले. वारसांना तेथे ठेव असलेल्या बँकेचा शोध घेता येतो. पैसे मात्र त्या बँकेकडूनच मागावे लागतात.

कर्जाने गांजलेल्या माणसाची हीच भीती भोंदूच्या कामी येते. पैशांचा पाऊस, घरात पुरलेले गुप्तधन, ते दिसणारा पायाळू माणूस, ही त्यांची ठरलेली आमिषे. वास्तविक जमिनीत सापडणाऱ्या निधीविषयीच्या १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे; म्हणजे धन निघाले तरी ते गुपचूप ठेवता येत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. चमत्काराच्या नावाने पैसे उकळणे, मौल्यवान वस्तू वा गुप्तधनाच्या शोधासाठी अघोरी कृत्य करणे हे त्यान्वये दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कारावास, शिवाय ५ हजार ते ५० हजार रुपये दंड.

या कायद्याने ज्योतिष, वास्तुशास्त्र आणि पाणाड्यांचा सल्ला मात्र वगळला आहे. तळहातावर नारळ उभा करून पाणाड्याने दाखविलेल्या जागी कूपनलिका घेतली आणि काळ्या पाषाणातून नुसती धूळच आली, तर त्याविरुद्ध या कायद्याखाली दाद नाही. शास्त्रीय पाहणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिच्याकडे जावे ते खोदाईच्या यंत्राला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी.