उहुराचा राजीनामा

आजची गोष्ट आहे एका मागे घेतलेल्या राजीनाम्याची.

८ सप्टेंबर १९६६. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'स्टार ट्रेक' सुरू झाली. भविष्यातलं अंतराळयान, आणि त्याच्या नियंत्रणकक्षात अधिकारी म्हणून बसलेली एक कृष्णवर्णीय स्त्री, लेफ्टनंट उहुरा. तेव्हा तिथल्या टीव्हीवर कृष्णवर्णीय बायका दिसायच्या त्या बहुतेक मोलकरणीच्या भूमिकेत. त्यामुळे हे केवढं नवं होतं बघा!

पण ही भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स मात्र वैतागल्या होत्या. मूळच्या त्या गायिका आणि नर्तिका, ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर गायलेल्या. इथे त्यांचे संवाद कापले जायचे. उरायचं काय, तर कॅप्टनला 'संपर्क झालाय' म्हणून सांगणं. पहिला सीझन संपल्यावर त्यांनी निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या हातात राजीनामा ठेवला. त्यांना ब्रॉडवेची ओढ होती. रॉडनबेरी म्हणाले, शनिवार-रविवार विचार करा.

त्याच सुट्टीत एका समारंभात कुणीतरी सांगितलं, तुमच्या एका चाहत्याला तुम्हाला भेटायचंय. वळून बघतात तर समोर मार्टिन ल्यूथर किंग! राजीनाम्याचं ऐकून किंग म्हणाले, तुम्ही जाऊ शकत नाही. जगाला आपण पहिल्यांदाच तसे दिसतोय, जसे दिसायला हवेत.

हा प्रसंग आपल्याला कळतो तो निकोल्सबाईंच्याच तोंडून. सोमवारी त्यांनी राजीनामा मागे घेतला.

मग भूमिका मोठी झाली का? फारशी नाही. १९६९ मध्ये तर मालिकाच बंद पडली. कलाकार म्हणून त्यांची तक्रार खरीच होती, आणि ती तशीच राहिली.

पण १९७७ मध्ये नासाने अंतराळवीरांच्या भरतीसाठी त्यांची मदत घेतली. स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अर्ज करावेत म्हणून त्या गावोगाव फिरल्या. १९७८ च्या तुकडीत ३५ जण निवडले गेले. त्यात सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णीय पुरुष होते. सगळं श्रेय एकट्या निकोल्सबाईंना देता येणार नाही, पण त्यांचा वाटा नाकारताही येणार नाही.

आणि १९९२ मध्ये मे जेमिसन अंतराळात गेल्या, पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री म्हणून. लहानपणी त्या टीव्हीवर उहुराला बघायच्या. उहुराला संवाद किती होते, हे त्या मुलीने कुठे मोजलं होतं? तिने पाहिलं, ती कुठे बसलीय ते.