बुळकांडीची लस आणि दारातली शेळी

आज आपल्याला एका लहान जनावराचा इतिहास बघायचा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत घोडा भेटतो, हत्ती भेटतो, बैल भेटतो. शेळी फारशी भेटत नाही. ती का भेटत नाही, ते आपण एका रोगाचा माग काढत पाहू.

दोन-चार शेळ्या दारात बांधणारं घर बहुधा बिनजमिनीचं किंवा कोरडवाहू तुकड्याचं. बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, एवढ्यावर त्या जगतात. दूध चहापुरतं, आणि अडीनडीला बोकड बाजारात. देखभाल घरातल्या बाईकडे. सरकारी कागदांत मात्र शेळी आली ती झाडांची शत्रू म्हणून. 1878 च्या जंगल कायद्यानंतर चराईची रानं बंद होत गेली. गरिबाच्या शेरडांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये नोंदवली आहे.

आता रोगाकडे येऊ. 1889 साली आपल्या पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. 1893 मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. तिची मोठी चिंता होती गुराढोरांची बुळकांडी. कारण सरळ आहे बघा: बैल मेला की नांगर थांबतो, आणि नांगर थांबला की शेतसारा थांबतो.

1920 च्या दशकात तिथल्या जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुन्हा पुन्हा नेला. तसं करता करता तो गुरांसाठी सौम्य झाला. शेळीच्या प्लीहेपासून लस तयार झाली आणि 1954 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतही तीच वापरली गेली. पुढे नव्या लसी आल्या, आणि 2011 मध्ये बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा झाली. म्हणजे बैल वाचवणारी लस आधी शेळीच्या शरीरात घडली.

आणि शेळीचं काय? शेळ्या-मेंढ्यांना बुळकांडीसारखाच एक रोग होतो, पीपीआर. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण, फुप्फुसाचा दाह. पश्चिम आफ्रिकेत त्याचं वर्णन 1942 सालीच झालं होतं. भारतात तो ओळखला गेला 1987 साली, तामिळनाडूतल्या मेंढ्यांत. त्याआधी अशी लक्षणं दिसली की बुळकांडीच समजत. त्याची देशी लस, सुंगरी/96, त्याच मुक्तेश्वरला तयार झाली. पण केव्हा, तर बैलांची बुळकांडी आटोक्यात आल्यावर.

तोवर शेळी जगवली कुणी? घरातल्या बाईनं. दव उडाल्याशिवाय चरायला सोडायची नाही, ही तिची रीत. ओल्या गवताच्या पात्यावर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात, हे आज आपल्याला कळतं. करडाला जन्मल्याबरोबर चीक पाजायचा. आईची रोगप्रतिकारशक्ती त्याला त्यातूनच मिळते. बसायची जागा उंच आणि कोरडी, आजारी शेळी वेगळी. यातलं काहीच खुळं नव्हतं.

पण मंडळी, इथे आपण भाबडं होऊ नये. पीपीआर दारात आला तर चांगली निगा पुरत नाही. लसच लागते. ती तीन महिन्यांवरच्या करडाला एकदा टोचली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. आंत्रविषाराची लस तर दर वर्षी पावसाळ्याआधी हवी. चाळीस शेळ्यांतल्या दोन गेल्या तर धंदेवाल्याचं नुकसान होतं. दोनातल्या दोन गेल्या तर त्या बाईचं अख्खं भांडवल गेलं, आणि पोराची फीसुद्धा.

2030 पर्यंत पीपीआर जगातून घालवायचं उद्दिष्ट आहे. बुळकांडी गेली, तेव्हा हेही अशक्य नाही. फक्त बैलाची किंमत राज्याला सारा दाखवत होता. दोन शेळ्यांची किंमत दाखवणारं असं खातं कुठल्याच दप्तरात नाही. ते आपणच दाखवून द्यायचं आहे.