धर्म शिकवणं आणि धर्माबद्दल शिकवणं

आजचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांमध्ये फिजिक्स, इकॉनॉमिक्ससारखा 'रिलिजन' हाही विभाग असतो. तिथे शिकवतात तरी काय? प्रवचन?

माझी बीटेकची चार वर्षं डेटा स्ट्रक्चर्स आणि सबमिशनमध्ये गेली. धर्म म्हणजे घरी आजी सांगते ते, नाहीतर मोबाइलवर फॉरवर्ड होऊन येतं ते. त्याचा अभ्यास वर्गात बसून करता येतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

चला, थोडं मागे जाऊ. 26 नोव्हेंबर 1956. पेनसिल्व्हेनियातली ॲबिंग्टनची सरकारी शाळा. राज्याचा कायदाच होता की रोज सकाळी बायबलमधली दहा वचनं वाचायची. त्या दिवशी एलरी शेम्प हा 16 वर्षांचा मुलगा बायबलचं वाचन चालू असताना कुराण उघडून बसला. तो मुसलमान नव्हता, घर युनिटेरियन पंथाचं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की सरकारने एका धर्माचा ग्रंथ सगळ्यांवर लादू नये. मुख्याध्यापकांकडे रवानगी झाली आणि पुढे प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं.

17 जून 1963 ला 8 विरुद्ध 1 असा निकाल लागला. शाळेत उपासना म्हणून बायबल वाचणं घटनेविरुद्ध ठरलं. पण खरी गंमत पुढे आहे. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्याच निकालात स्पष्ट केलं की धर्मांचा इतिहास, धर्मांची तुलना, बायबलचा साहित्य म्हणून अभ्यास, हे सगळं तटस्थपणे शिकवायला हरकत नाही. म्हणजे एक दार बंद झालं आणि त्याच कागदावर दुसरं उघडलं!

हा निकाल सरकारी शाळांपुरता होता, खासगी कॉलेजांना तो थेट लागू नव्हता. पण वारं तिथेही बदलत होतं. बायबल शिकवणाऱ्या प्राध्यापकांची 1909 पासूनची एक संघटना होती. तिने 1963 मध्येच नाव बदलायचं ठरवलं आणि ती 'अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन' झाली. विषय आता एका ग्रंथापुरता राहिला नाही.

अशा वर्गात 'देव आहे का?' याचा निकाल लावत नाहीत. हा ग्रंथ कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, यात्रेला कोण जातं, दाराबाहेर कोण राहतं, असे प्रश्न विचारतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड रन करणं वेगळं, कोड वाचणं वेगळं.

याचं आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे एलिनॉर झेलियट. मिनेसोटातल्या कार्लटन या लिबरल आर्ट्स कॉलेजात त्या 1969 पासून इतिहास शिकवत. त्यांचं संशोधन आंबेडकरी चळवळीवर, पण त्यासाठी त्यांना संतांपर्यंत जावं लागलं. 1980 मध्ये त्यांनी चोखामेळा आणि एकनाथ यांच्यावर एकत्र निबंध लिहिला. चोखोबांची भक्ती सगळ्यांनी मानली, मग त्यांना देवळात प्रवेश का नव्हता? बाबासाहेबांनी 1948 चं 'द अनटचेबल्स' ज्या तीन संतांना अर्पण केलं, त्यांत चोखामेळा आहेत. आणि तरीही 14 ऑक्टोबर 1956 ला, शेम्पच्या त्या सकाळीच्या सहा आठवडे आधी, त्यांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. हे दोन्ही एकत्र समजून घ्यायला नुसती श्रद्धा पुरत नाही आणि नुसती टिंगलही पुरत नाही. अभ्यासच लागतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कायदा आड येत असेल. कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे खरं. पण 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं की धर्मांबद्दल शिकवणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. म्हणजे वाट मोकळी आहे. आपण तिच्यावर फारसे चालत नाही, एवढंच.

मला याची काळजी वाटते, कारण ती रिकामी जागा रिकामी राहत नाही. जे वर्गात शिकवत नाहीत, ते रात्री अकरा वाजता फॅमिली ग्रुपवर कुणीतरी शिकवतंच. तिथे उलटा प्रश्न विचारायची सोय नसते. विचारलाच, तर काका ग्रुप सोडून जातात!

तुमच्या कॉलेजात असा एखादा तास कधी झाला होता का? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.