ले बुर्जे, जून 1989

मान वर करा. पॅरिसला लागून असलेल्या ले बुर्जेच्या धावपट्टीशेजारी तुम्ही उभे आहात. 8 जून 1989, गुरुवार. विमानमेळ्याचा पहिलाच दिवस. अटलांटिक एकट्याने ओलांडून लिंडबर्ग 1927 मध्ये उतरला तो हाच विमानतळ. आता इथे दर दोन वर्षांनी जगभरची लढाऊ विमानं मांडली जातात, उडवून दाखवली जातात आणि अर्थातच विकली जातात. मेळा म्हणायचं, पण आहे बाजारच.

समोर मिग-29 येतंय. पुणेकर असाल तर हा आवाज ओळखीचा वाटेल. 1987च्या अखेरीपासून ही विमानं लोहगावात आहेत. वैमानिक अनातोली क्वोचुर. नाक वर ठेवून, इतक्या संथपणे तो समोरून जातोय की विमान खाली कसं येत नाही, असं वाटावं. आणि ते येतंच. उजव्या इंजिनात पक्षी शिरलाय. ते इंजिन बसलं. डावं मात्र पूर्ण जोरात, म्हणून विमान उजवीकडे कलंडतं आणि नाक थेट जमिनीकडे वळतं. उंची शंभर मीटरही नाही. कॉकपिटमधून काहीतरी बाहेर फेकलं जातं, पाठोपाठ आगीचा लोळ. पॅराशूट धड उघडायच्या आत माणूस जमिनीवर, ज्वाळांपासून हाकेच्याही आत.

तुम्हाला पुढचं माहीत आहे, म्हणून तुम्ही ओरडत नाही. बाकीचे ओरडतात. क्वोचुर वाचलाय, फारशी इजाही नाही. धक्का ओसरला की जाणकारांमध्ये चर्चा सुरू होते ती विमानाची कमी आणि त्या खुर्चीची जास्त. के-36, झ्वेझ्दा कंपनीची. 1990च्या दशकात अमेरिकेचं हवाई दल याच खुर्चीच्या चाचण्या घेईल. इतकी महागडी जाहिरात कुणी ठरवून केली नसती.

आता दिवस थोडे पुढे सरकवा आणि सुखोई-27 पाहा. व्हिक्टर पुगाचोव्ह सरळ उडता उडता एकदम नाक वर घेतो. नव्वद अंशांच्याही पलीकडे. विमान क्षणभर पाठीमागे रेलल्यासारखं पोट पुढे करून चालतं, वेग झपाट्याने उतरतो, मग नाक पुन्हा खाली आणि गडी सरळ रेषेत. लढाईत याचा उपयोग किती, यावर तज्ज्ञ पुढे वर्षानुवर्षं भांडतील. मला विचाराल तर गिऱ्हाइकाचं डोकं फिरवायला एवढं पुरे होतं. याच घराण्यातली सुखोई-30 विमानं 1997 मध्ये लोहगावात उतरतील.

गर्दी मात्र पलीकडे आहे. एएन-225 म्रिया: सहा इंजिनं, बत्तीस चाकं, 88 मीटरचा पंखविस्तार. तिच्या पाठीवर, जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरासारखं, बुरान. सोव्हिएत संघाचं अवकाशयान. म्रियाची शेपटी बघा: मधोमध एक उभा पंख नाही, दोन टोकांना दोन आहेत. पाठीवरच्या यानामागे हवा घुसळून निघते. मधला पंख नेमका तिच्यात सापडला असता.

गर्दीतून वाट काढत खाली जा. यानाची टाइल्सची कातडी इथून दिसते: पोटाखाली काळी, वर पांढरी. जवळपास 38 हजार टाइल्स, परतीच्या वाटेवरची आग सोसण्यासाठी. ती आग या यानाने एकदा सोसली आहे. 15 नोव्हेंबर 1988ला आत कुणी नसताना पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारून ते बायकोनूरच्या धावपट्टीवर आपलं आपण उतरलं.

पुन्हा कधीच उडणार नाही, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. 1993 मध्ये कार्यक्रम गुंडाळला जाईल. 2002 मध्ये बायकोनूरच्या हँगरचं छप्पर कोसळेल. त्याखाली आठ कामगार जातील आणि हे यानही. म्रिया त्यानंतर वीसएक वर्षं जगभर अवजड माल वाहील, 2022 मध्ये कीव्हजवळच्या होस्टोमेलला युद्धात जळेल. पडलेल्या मिगच्या खुर्चीला मान मिळाला, सुखोईला गिऱ्हाईक मिळालं. ज्याचे सर्वांत जास्त फोटो निघताहेत त्याला मात्र कुणी घेणार नाही. कोण घेणार म्हणा! या बाजारात अवकाशयान मांडतात ते ऐपत दाखवायला. अमेरिकेनेही 1983 मध्ये इथे एंटरप्राइज हे शटल बोइंग 747वर बसवून आणलं होतं.

हे भविष्य तिथे कुणाला सांगत बसू नका. त्यापेक्षा वळसा घालून यानाच्या मागच्या बाजूला या. ‘शटलची नक्कल’ असं कुणी ना कुणी म्हणत असेलच, आणि आकार पाहता त्यात तथ्य आहे. पण शटलला मागे तीन अवाढव्य इंजिनं असतात, ती इथे नाहीत. शटल स्वतःच्या चढाईत स्वतः जोर लावतं. बुरानला वर न्यायचं काम एनर्जिया रॉकेटचं, आणि तेच रॉकेट बुरानच्या जागी दुसरं काहीही वाहू शकतं. नक्कल म्हणणाऱ्याला ती मोकळी जागा दाखवा आणि मग वाद घाला.