‘शोभारॉक’: ठुमरी गाणाऱ्या आईला मुलाने जॅझ-रॉकमध्ये कसं आणलं?

जॅझ-रॉक म्हटलं की डोळ्यासमोर परदेशी बँड येतात. पण या प्रकारातल्या एका दणदणीत अल्बमची सुरुवात ज्या गाण्याने होते, त्याचं नाव आहे ‘शोभारॉक’. यातली शोभा म्हणजे आपल्या शोभा गुर्टू!

आधी जॅझ-रॉक म्हणजे काय ते पाहू. जॅझमध्ये कलाकार ऐनवेळी सुचेल ते वाजवतो, आपल्याकडे त्याला उपज म्हणतात. त्याला रॉकच्या इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमचा जोर मिळाला की झालं जॅझ-रॉक. माइल्स डेव्हिसच्या १९७० च्या ‘बिचेस ब्रू’ने ही वाट मोठी केली.

आता गुर्टूंकडे येऊ. बेळगावात १९२५ साली जन्मलेल्या शोभाताई ठुमरीच्या मोठ्या गायिका. ‘सामना’ या मराठी सिनेमातही त्या गायल्या. त्यांचा मुलगा त्रिलोक १९५१ साली मुंबईत जन्मला. तो तबला शिकला आणि पुढे ड्रमकडे वळला. पण ड्रमवाल्याचं स्टूल त्याने घेतलंच नाही. अर्धवट गुडघ्यावर बसून तो तबला, ड्रम, झांजा सगळं एकत्र वाजवतो. वाजती झांज मध्येच पाण्याच्या बादलीत बुडवतो, आणि तिचा सूर वाकतो. यूट्यूबवर एकदा बघाच.

१९८८ साली त्याचा पहिला स्वतःचा अल्बम आला, ‘उसफ्रेट’. व्हायोलिनवर एल. शंकर, ट्रम्पेटवर डॉन चेरी, बेस गिटारवर योनास हेलबोर्ग. आणि गायला साठी ओलांडलेली आई.

धोका दोघांनाही होता. ठुमरीत एकेक शब्द सावकाश खुलवायचा असतो, इथे तर मागे ड्रम धावतात. अशा वेळी भारतीय आवाज नुसता फोडणीपुरता वापरला जातो. इथे तसं वाटत नाही. शोभाताई आपल्या ढंगातच गातात आणि बँड त्यांच्याभोवती फिरतो.

हे जमतं कसं? उत्तर लयीत आहे. वरवट बकालपासून शेगाव जवळच. तिकडच्या भजनात मृदंग दुगुनीत गेला तरी गाणारा चाल सोडत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. हिशोब तोच. ड्रम कितीही तुकडे करोत, सम चुकत नाही.

पुढे त्रिलोक गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनच्या त्रिकुटात वाजला. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली त्यांची १९८९ ची मैफल रेकॉर्डवर आहे. शोभाताईंना २००२ साली पद्मभूषण मिळालं, २००४ साली त्या गेल्या.

‘शोभारॉक’ ऐकायचं तर हेडफोन लावा. पहिल्यांदा फक्त आवाजाकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त ड्रमकडे.